जबरी चोरीच्या ३९२/३९७ मध्ये भावाला ७ वर्षं लागली, हायकोर्टात अपील करायचंय. कोयता भावाच्या हातात नव्हता हे तर पोलिसच म्हणतायत

आक्का_सांगलीकर

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्या धाकट्या भावाला मागच्या महिन्यात सेशन्स कोर्टानं शिक्षा दिली. केस २०२२ ची आहे. रानातल्या एका वस्तीवर रात्री चौघं आले, कडी उचकटून शिरले, म्हातारा-म्हातारीला कोयता दाखवला, आजींच्या गळ्यातलं मंगळसूत्र, बोरमाळ आणि कपाटातली रोकड घेऊन गेले असा गुन्हा. भाऊ आरोपी नंबर ४. पोलिसांच्या चार्जशीटमध्येच असं आहे की नंबर १ च्या हातात कोयता होता, २ आणि ३ नी कपाट उचकटलं आणि ४ नंबर बाहेर गाडीपाशी थांबला होता.

शिक्षा अशी: जुन्या आयपीसीच्या ३९२ (जबरी चोरी) सह ३९७ (त्यात घातक हत्यार) आणि ३४ (सगळ्यांचा समान इरादा) खाली ७ वर्षं सक्तमजुरी नि ५ हजार दंड, ४५७ (रात्री घरात घुसणं) खाली ५ वर्षं नि ३ हजार दंड, दंड नाही भरला तर ६ महिने आणि ३ महिने अजून. चौघांनाही सारखीच शिक्षा, काही फरक नाही. आमच्या घरात आता सगळे ७ आणि ५ मिळून १२ वर्षं असंच धरून बसलेत, आई तर जेवतच नाही नीट.

पुरावा म्हणाल तर ओळख परेड झाली होती, अटकेनंतर अडीच महिन्यांनी, जेलमध्ये, नायब तहसीलदारांनी घेतली. त्यात आजोबांनी त्याला ओळखलं, आजींनी नाही. आणि बोरमाळ त्यानं स्वतः काढून दिली असा पंचनामा आहे, त्यातला एक पंच कोर्टात फितूर झाला, दुसऱ्याला तपासलंच नाही.

विचारायचं हे की अपील कुठं करायचं, मुदत किती, अपील चालू असताना तो बाहेर येऊ शकतो का, आणि कुणीतरी घाबरवलंय की अपील केलं तर शिक्षा उलटी वाढते, ते खरं का? सध्या कळंब्याला, कोल्हापूरच्या जेलमध्ये आहे. आधी १ वर्ष ५ महिने आत होता मग जामीन झालेला, निकालाच्या दिवशी कोर्टातूनच परत घेऊन गेले.

रोखठोक_बापू

ताई वाईट वाटून घेऊ नका पण स्पष्ट सांगतो. ३९७ ला कायद्यानंच कमीत कमी ७ वर्षं आहेत. त्याच्या खाली हायकोर्टसुद्धा जाऊ शकत नाही आणि तुमच्या भावाला आधीच सगळ्यात कमी लागलीय. उगाच वकिलांच्या घरात पैसे घालू नका, ७ वर्षांत माफी-बिफी धरून सुटेल लवकर.

काळा_कोट

बापू, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण अपील उभं राहणार ते उरलेल्या अर्ध्यावरच.

३९७ लागलं तर ७ च्या खाली नाही, हे मान्य. पण ते या पोराला लागतं का? ३९७ मध्ये लिहिलंय की जबरी चोरी करताना 'जो' गुन्हेगार घातक हत्यार वापरेल किंवा जबर दुखापत करेल त्याला किमान ७ वर्षं. तो 'जो' म्हणजे ज्याच्या हातात हत्यार होतं तोच, हे सुप्रीम कोर्टानं १९७५ साली फूल कुमारच्या केसमध्ये सांगितलंय, दिल्लीतल्या पेट्रोल पंपावरची लूट होती ती. नंतर २००७ ला दिलावर सिंगमध्ये आणि २०२१ ला गणेशनमध्ये तेच पुन्हा. कलम ३४ लावून एकाच्या हातातला कोयता चौघांच्या हातात देता येत नाही, निदान ३९७ पुरता तरी नाही. मला नवल वाटतं की इतकी वर्षं हे ठरलेलं असताना अजूनही खालच्या कोर्टांत 'सर्व आरोपींना ३९७ सह ३४' असा एकगठ्ठा निकाल येतो. ट्रायलला चौघांचा एकच वकील असला की हे हमखास होतं, कारण तो एकाला वाचवायला दुसऱ्याकडे बोट कसं दाखवणार. ताई, तुमच्याकडं तसंच होतं का?

मात्र याच फूल कुमारची दुसरी बाजूही वाचा, नाहीतर वकिलाकडं जाऊन भांडाल. हत्यार 'वापरणं' म्हणजे वारच केला पाहिजे असं नाही, समोरच्याला दिसेल असं उघडं धरलं तरी वापरलंच. त्यामुळे नंबर १ ला या मुद्द्यावर फारसं काही मिळणार नाही. पण तुमच्या भावाच्या हातात काहीच नव्हतं हे सरकार पक्षाचंच म्हणणं असेल तर ३९७ त्याच्यावरून उतरायला हवं.

ते उतरलं म्हणजे सुटला असं मात्र नाही हं. मागं ३९२ सह ३४ राहतं. बाहेर पहारा देणारा जबरी चोरीत सामील नाही असं कोर्ट मानत नाही. पण ३९२ ला कमीत कमी शिक्षा नाही, जास्तीत जास्त १० वर्षं आहे, म्हणजे तिथे कोर्टाचा हात मोकळा होतो आणि वय, भूमिका, आधी काय केलंय, आत किती काढलेत हे सगळं बोलता येतं. ३९७ असताना यातलं काहीही बोलून उपयोग नसतो.

बारा वर्षांचं आईंना आजच सांगा. जजमेंटच्या शेवटच्या पानावर 'सर्व शिक्षा एकत्रित भोगाव्यात' असं वाक्य आहे का बघा. असेल तर ७ च वर्षं, ५ त्याच्या पोटात जातात. आधीचे १ वर्ष ५ महिने त्यातून वजा होतात, जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) ४२८, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ४६८. फक्त दंड न भरल्याचे ६ आणि ३ महिने कशातच मिसळत नाहीत, ते वेगळे आणि नंतर, म्हणून ८ हजार भरून टाका, त्यासाठी ९ महिने काढायची गरज नाही.

आणि अपिलात शिक्षा वाढते हे खोटं. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, वाढवू शकत नाही. वाढवायची तर सरकारनं वेगळं अपील करावं लागतं. हायकोर्टानं आपणहून रिव्हिजनचा (खालचा निकाल तपासायचा) अधिकार वापरून आरोपीच्याच अपिलात शिक्षा वाढवायची, हेही चालणार नाही असं २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं नागराजन विरुद्ध तामिळनाडूमध्ये सांगितलंय.

एक गोष्ट जरा दटावून सांगतो. 'भाऊ बाहेर थांबला होता' असं तुमच्या तोंडून कुठंही लिहू नका. त्यानं ३१३ च्या जबाबात, म्हणजे पुराव्याबद्दल कोर्ट आरोपीला विचारतं तेव्हा, काय सांगितलंय ते आधी बघा. 'मला खोटं गुंतवलंय' असं सांगितलं असेल आणि तुम्ही 'तो फक्त बाहेर होता' म्हणत फिरलात तर हजर होता हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. वकील दोन्ही मुद्दे एकाच वेळी मांडतो, आधी ओळखच सिद्ध नाही, आणि सिद्ध आहे असं धरलं तरी ३९७ लागत नाही. तो त्याचा डाव आहे, तुमचा नाही.

झटपट_न्याय

ताई हायकोर्टात ओळख आहे आपली. १५ दिवसांत जामीन, गॅरंटी. काम झाल्यावर पैसे, फक्त टोकन आधी. मेसेज करा.

शिरस्तेदार_रिटायर्ड

वरच्या गृहस्थांना मेसेज करू नका. आयुष्य कोर्टाच्या टेबलामागं गेलं माझं, ही 'गॅरंटी'वाली माणसं गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसलेली असतात, जामीन झाला तर यांच्यामुळं आणि नाही झाला तर जज बदलला. मॉडरेटर साहेब बघा जरा.

आता कामाचं. सेशन्स जजनं शिक्षा दिली म्हणजे अपील हायकोर्टातच. मुदत ६० दिवस, निकालाच्या तारखेपासून, आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. म्हणून नकलेचा अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली हे नकलेच्या मागच्या शिक्क्यावर असतं, तो शिक्का नीट उमटलाय का पाहून घ्या. शिक्षा झालेल्या माणसाला जजमेंटची एक प्रत फुकट आणि लगेच मिळते, ती त्याला मिळाली असणार, भावाकडं चौकशी करा. पण नुसतं जजमेंट पुरत नाही हो. साक्षीदारांच्या जबाबांच्या, पंचनाम्यांच्या आणि ओळख परेडीच्या मेमोरंडमच्या सर्टिफाईड नकला वेगळ्या मागा. जजमेंटमध्ये जज साहेबांना जे पटलं ते असतं, उलटतपासणीत साक्षीदार काय बोलून गेला ते जबाबात असतं.

मुदत गेली तरी हाय खाऊ नका, उशीर माफीचा अर्ज असतो आणि जेलमधल्या माणसाच्या बाबतीत कोर्ट फार ताणत नाही.

सांगली जिल्हा म्हणजे आता मुंबईला जायचं नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथं. आमच्या वेळी अपिलाच्या एकेका तारखेला लोक महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून जायचे आणि संध्याकाळी कळायचं की मॅटर बोर्डावर पोचलंच नाही. आता कळंब्याला भेट आणि वकिलाकडं चक्कर एकाच दिवसात होते. वकालतनाम्यावर भावाची सही जेलमध्येच घ्यावी लागेल आणि त्याखाली जेलरची सही-शिक्का, तो नसला तर फायलिंगला परत येतं.

पैशाचं म्हणाल तर कोठडीतला माणूस उत्पन्न न बघता फुकट वकिलाला पात्र असतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा कलम १२. जेलमध्येच लीगल एडचा माणूस येतो, भावानं त्याला सांगायचं, किंवा १५१०० ला फोन करा. वकील मिळायच्या आधी मुदत संपत असेल तर जेल अधीक्षकांच्या मार्फत भाऊ स्वतः अर्ज देऊ शकतो, ते जेल अपील म्हणून हायकोर्टात जातं. लीगल एडचा वकील म्हणजे दुय्यम असं समजू नका, मी लाखाच्या वकिलाला फाईल न वाचता उभं राहताना पाहिलंय.

आक्का_सांगलीकर

वकीलसाहेब, काका, दोघांचे खूप आभार. शेवटच्या पानावर ते वाक्य आहे, आईला वाचून दाखवलं. हो, चौघांना एकच वकील होता, आम्हीच सगळ्यांनी वर्गणी काढून दिलेला, स्वस्तात पडेल म्हणून. ३१३ मध्ये 'मला माहीत नाही, खोटं आहे' असंच सगळ्याला उत्तर दिलंय.

अजून एक राहिलं सांगायचं. अटक झाली त्या आठवड्यात एका लोकल पेपरात फोटो आलेला, चौघं रांगेत उभे, पुढं टेबलावर दागिने नि कोयता मांडलेला, मागं पोलिस. तोंडावर बुरखा नव्हता कुणाच्या. तो फोटो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. ओळख परेड त्याच्या नंतर झालीय. कात्रण आहे माझ्याकडं. याचा उपयोग होईल का?

वस्तीवरचा

मी दुसऱ्या बाजूचा आहे. या केसचा नाही, आमची वेगळी, पण प्रकार तोच. माझ्या आईच्या कानातली फुलं ओढून काढली, कानाची पाळी तुटली दोन्ही बाजूंनी. टाके पडले. त्यानंतर ती वस्तीवर झोपायला तयार नाही, आम्ही गावात खोली घेतली भाड्यानं, रान राखायला रात्री कुणी नाही. आमच्यातसुद्धा एकजण 'फक्त गाडीपाशी' होता. गाडीपाशी कुणी नसता तर आतले तिघं एवढे निवांत कपाट उचकटत बसले असते का? इथं सगळे त्याला कसं सोडवायचं ते सांगतायत, आम्ही कुठं अपील करायचं? आमच्या आरोपींना ३९४ (जबरी चोरीत दुखापत) ऐवजी नुसतं ३९२ लावून ३ वर्षं दिलीत.

आक्का_सांगलीकर

दादा, तुमच्या आईचं वाचून खरंच वाईट वाटलं. मी काही म्हणत नाही भाऊ साधूसंत आहे. जेवढं केलं असेल तेवढ्याची शिक्षा त्याला होऊ दे. दुसऱ्याच्या कोयत्याची नको एवढंच.

काळा_कोट

वस्तीवरचा दादा, तुमचा प्रश्न एकदम रास्त आहे आणि तुम्हाला रस्ता आहे, कदाचित तुम्हाला कुणी सांगितलाच नसेल. पीडिताला स्वतःचं अपील करता येतं, सीआरपीसी ३७२ चं परंतुक, आता बीएनएसएस ४१३. तीनच कारणांसाठी: आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली शिक्षा झाली, किंवा भरपाई कमी मिळाली. नुसती शिक्षा कमी आहे म्हणून पीडिताला अपील नाही, त्यासाठी सरकारी वकिलांकडं जाऊन सरकारतर्फे अपील करा म्हणून अर्ज द्यावा लागतो. पण तुमचं नुसतं शिक्षेचं नाहीच. दुखापत झालेली असताना ३९४ सोडून ३९२ लावलं, म्हणजे कमी गंभीर कलम, तुम्ही दुसऱ्या कारणात बसता. ३९४ ला जन्मठेपेपर्यंत जाता येतं. आईचं मेडिकल सर्टिफिकेट आणि ज्या डॉक्टरांनी टाके घातले त्यांची साक्ष झाली होती का ते आधी बघा, बऱ्याचदा तिथंच घोटाळा असतो, सर्टिफिकेट फायलीत असतं पण डॉक्टरांना तपासलेलंच नसतं. आणि फुलं मुद्देमालात अडकली असतील तर निकालात मुद्देमाल परत द्यायचा आदेश आहे का पाहा, अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबा असं त्यातच लिहिलेलं असतं बहुतेक.

गाडीपाशी थांबणारा निर्दोष असं मी कुठंच म्हटलेलं नाही, वर पुन्हा वाचा.

आता आक्का, फोटो. यात दम आहे, पण एक अडचण आहे. ओळख परेडीचं महत्त्व एवढंच की साक्षीदारानं गुन्ह्याच्या रात्रीनंतर पहिल्यांदा तो चेहरा तिथं पाहिला पाहिजे. मधे पेपरात बघितला, पोलीस स्टेशनात बघितला की परेड पोकळ होते. पण उलटतपासणीत आजोबांना तो प्रश्न विचारलाय का? 'तुम्ही पेपर वाचता का, फोटो पाहिलात का, नातवानं मोबाईलवर दाखवला का' यातलं काहीही? विचारलं असेल आणि आजोबा 'हो' म्हणाले असतील तर मुद्दा खणखणीत आहे. विचारलंच नसेल तर कात्रण आज नुसतं हायकोर्टासमोर ठेवता येत नाही, अपिलात नवा पुरावा घ्या असा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि 'तेव्हा का नाही आणला' या प्रश्नाला उत्तर लागतं. वकिलाला सुचलं नाही हे उत्तर कोर्टाला सहसा पटत नाही. तरी कात्रण वकिलाकडं द्याच.

परेडीचा मेमोरंडम मात्र बारकाईनं बघा, तो रेकॉर्डवरच आहे. हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये सूचना आहेत की एका संशयितामागं किमान सहा डमी (रांगेत सोबत उभी केलेली इतर माणसं), दोघं असतील तर दहा-बारा, आणि एका परेडीत दोनपेक्षा जास्त संशयित नकोत. तुमच्याकडं चौघं आरोपी, मग परेडी किती झाल्या? चौघांनाही एका रांगेत उभं केलं असेल तर तोच पहिला मुद्दा. डमींची वयं, उंची, पेहराव लिहिलाय का, दोन साक्षीदारांच्या मधे आरोपीला जागा-कपडे बदलायची संधी दिली का, पहिला साक्षीदार दुसऱ्याला भेटणार नाही याची सोय काय केली. मग एफआयआर काढा आणि त्यात वर्णन काय ते पाहा. तिथं बहुतेक वेळा 'अंदाजे २५ ते ३० वयाचे, मराठी बोलणारे, तोंडाला रुमाल बांधलेले चार अनोळखी इसम' एवढंच असतं. रुमाल बांधलेला होता तर अडीच महिन्यांनी आजोबांनी ओळखलं कशावरून? आणि लाईट होती का? आणि जो बाहेर गाडीपाशी होता तो घरातल्या आजोबांना दिसला कुठून? यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, सरकार पक्षाची कथा आणि ओळख परेड दोन्ही एकदम खऱ्या कशा असतील ते त्यांनी सांगावं.

नुसती परेड पडली म्हणजे सगळं पडलं असंही नाही. खरा पुरावा कोर्टात साक्षीदारानं बोट दाखवून ओळखणं हा, परेड त्याला फक्त आधार.

राहिली बोरमाळ, आणि मला काळजी तिचीच जास्त आहे. पंच फितूर झाला म्हणून जप्ती आपोआप खोटी ठरत नाही, तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर कोर्ट त्यावरही जातं. बघायचं हे की काढून देतो म्हणाल्याचा निवेदन पंचनामा आधी झाला का, जागा कुठली, सगळ्यांना येता-जाता येईल अशी उघडी जागा की घरातली पेटी, जप्तीनंतर सील केली का, आजींनी ओळखली ती तशाच चार बोरमाळांमध्ये ठेवून की एकटीच पुढं करून, सोनाराची पावती होती का. आणि जप्ती गुन्ह्यानंतर किती दिवसांनी? दोन-चार दिवसांत चोरीचा माल सापडला तर तोच चोर असं कोर्ट धरू शकतं, महिने उलटून गेले असतील तर फार तर ४११, चोरीचा माल बाळगणं, त्याला जास्तीत जास्त ३ वर्षं. ओळख पडली आणि फक्त बोरमाळ टिकली तर कोर्ट इथं येऊन थांबू शकतं.

आक्का_सांगलीकर

जप्ती १९ दिवसांनी. जागा घरामागची कडब्याची गंजी. परेड एकच झाली, चौघांची मिळून. क्रॉसमध्ये (उलटतपासणीत) फोटोचा एकही प्रश्न नाही, तीनदा वाचलं. लाईटचं आहे, आजोबा म्हणालेत 'बल्ब त्यांनी काढला होता, बॅटरीच्या उजेडात बघितलं'.

जामिनाचं राहिलं वकीलसाहेब. आणि लपवत नाही, भावावर अजून एक केस आहे, मोटरसायकल चोरीची, ३७९, अजून चालू आहे. तो म्हणतोय तिथं गुन्हा कबूल करून टाकतो, भोगलेल्यात निघून जाईल.

भोगलेला_माणूस

आक्का त्याला सांगा तसलं काही करू नको!! आमच्या मेहुण्यानं हेच केलं. घरफोडीच्या केसा होत्या त्याच्यावर, तारखांना कंटाळला, बराकीतल्या एकानं सांगितलं कबूल कर, अंडरगॉनमध्ये (आत काढलेत तेवढ्यावरच) सुटशील, याच्यात कबूल त्याच्यात कबूल. एका कोर्टानं दिलं अंडरगॉन. दुसऱ्यानं सरळ दीड वर्ष दिलं आणि तिसऱ्यानं दोन, आणि ते एकापाठोपाठ एक चालू झालं, कारण कुठल्याच जजमेंटमध्ये एकत्र चालेल असं लिहिलं नव्हतं आणि याला मागायचं माहीत नव्हतं. कबूल केल्यावर अपीलसुद्धा नाही, फक्त शिक्षा जास्त झाली एवढंच बोलता येतं, गुन्हा केलाच नाही असं बोलायची सोय संपली.

काळा_कोट

भोगलेला_माणूस यांनी लाख मोलाचं सांगितलं. एकाच केसमधल्या शिक्षा एकत्र चालणं वेगळं आणि वेगवेगळ्या केसमधल्या वेगळं. दुसऱ्या केसची शिक्षा पहिली संपल्यावर सुरू होते हा नियम, जुनं ४२७, नवं ४६७, एकत्र चालवायची असेल तर कोर्टानं तसं लिहावं लागतं. उत्तर प्रदेशातल्या इकरामची केस आहे, २०२२ ची, वीज खात्याच्या सामानाच्या चोरीच्या ९ केसेस, सगळ्यात कबुली, प्रत्येकीत २ वर्षं, आणि जेलनं धरली १८ वर्षं. हायकोर्टानं नाही म्हटलं, शेवटी सुप्रीम कोर्टानं एकत्र केली. तुमच्या मेहुण्यांचं अजून चालू असेल तर हायकोर्टात अर्ज करून बघा, उशीर झालेला नाही.

आक्का, त्या ३७९ मध्ये कबुली दिली तर अपिलात सरकारी वकील उभं राहून पहिलं वाक्य हेच म्हणतील की आरोपी सराईत आहे, दुसऱ्या गुन्ह्यातही शिक्षा झालीय. शिक्षेची स्थगिती (सस्पेन्शन) तिथंच अडकेल.

अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामीन द्या असा अर्ज लावायचा, जुनं ३८९, नवं ४३०. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल आणि अपील लवकर ऐकलं जाणार नसेल तर कोर्टानं उदार राहावं, नाहीतर अपील ऐकायच्या आधीच शिक्षा भोगून संपते आणि अपिलाला अर्थ राहत नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाईमध्ये म्हटलंय. ती केसही ३९२ सह ३९७ चीच होती, आणि तिथं तर १० वर्षं लागलेली. तुमच्याकडं जमेला आहे ते असं: ट्रायलभर जामिनावर होता, एकही तारीख चुकवली नाही (चुकवली नसेल तर), हत्यार नाही, १ वर्ष ५ महिने काढलेत, आणि दंड भरलात की तोही. खात्यावर उणे ती ३७९. ती लपवू नका, अर्जातच लिहायला सांगा, नंतर सरकारी वकिलांनी काढली तर वाईट दिसतं.

चौघांची एक परेड, गंजी उघड्यावर, बॅटरीचा उजेड: हे तिन्ही मुद्दे अर्जाच्या पहिल्या पानावर पाहिजेत. आणि यावेळी वकील वेगळा. फक्त भावाचा. बाकीच्या तिघांच्या घरचे 'परत वर्गणी काढू' म्हणत येतील, नाही म्हणा.

शिरस्तेदार_रिटायर्ड

एक पुरवणी. अपील ॲडमिट झालं की खालच्या कोर्टातून रेकॉर्ड मागवतात, ते वेळेवर जात नाही. वकिलावर सोडू नका, अधूनमधून सेशन्सच्या रेकॉर्ड शाखेत जाऊन आवक-जावक नंबर विचारा. सीएनआर नंबर (केसचा ऑनलाईन ओळख क्रमांक) टाकला की मोबाईलवरच तारीख दिसते. आणि एखाद्या तारखेला वकील आला नाही एवढ्यावरून अपील फेटाळता येत नाही, रेकॉर्ड बघून मात्र निकाल देता येतो, बनी सिंगच्या निकालात १९९६ ला ठरलंय, तेव्हा तेवढ्यानं घाबरून जाऊ नका.

आक्का_सांगलीकर

दंड आज भरला, पावती घेतली. नकलेचा अर्ज परवाच दिलाय, जबाब, तिन्ही पंचनामे आणि परेडीचा मेमोरंडम सगळ्यांचा. शनिवारी कळंब्याला भेट आहे, ३७९ मध्ये कबूल करू नको म्हणून पहिलं तेच सांगणार. नंबर २ च्या चुलत्यांचा फोन आलेला वर्गणीसाठी. काका, लीगल एडच्या अर्जाला भावाच्या आधारकार्डाची झेरॉक्स लागते का हो? त्याचं आधार पोलिसांनी जप्त केलेल्या पाकिटात आहे.

शिरस्तेदार_रिटायर्ड

नाही लागत, जेलमधूनच अर्ज जातो, कैदी नंबर पुरतो. पाकीट मुद्देमालात असेल तर निकालात त्याचं काय लिहिलंय ते बघा, 'परत द्यावे' असेल तर मुदत संपल्यावर तुम्हीच अर्ज करून घ्या. तिथंच पडून राहिलं तर उंदीर खातात.